मध्यावर अडलेली रिंग

नट एका बोटानं फिरला की फिटर खूश होतो. गेजबाईच्या कपाळाला नेमकी तेव्हाच आठी पडायची.

गेजबाई म्हणजे स्टोअरच्या मागच्या तपासणीच्या खोलीत बसणारी बाई. वय अठ्ठेचाळीस, आवाज खणखणीत, नखांच्या कडांना कायमचं काळं. तिचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं आणि तिथंच पडून होतं. आटे तपासायच्या रिंगांना गेज म्हणतात, त्यावरून कुणीतरी चिडवायला हे नाव पाडलं, आणि तिनं ते बिल्ल्यासारखं मिरवलं. सव्वीस वर्षांपूर्वी ती या खोलीत आलेल्या मालाचं ग्रीस पुसायला लागली. पुसता पुसता माल ओळखायला लागली. मग एक दिवस तपासणीसानं पास केलेला एक बोल्ट तिनं परत त्याच्या टेबलावर नेऊन आपटला. त्याला शिव्या बसल्या आणि तिला खुर्ची मिळाली. डिग्री नव्हती, आजही नाही. पण ती ज्या घरात वाढली त्या घरामागच्या शेडमध्ये लेथ होतं, आणि लेथवर तिचे बाबा होते. पाटी-पेन्सिल हातात यायच्या आधी तिच्या हातात बोल्ट आला होता.

तिचं काम समजायला शहाणपण लागत नाही. रिंगा दोन. पहिली गो. ही स्टडवरून, म्हणजे दोन्हीकडून नट बसणाऱ्या लांब बोल्टवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीच पाहिजे, नाही गेली तर आटे जाड. दुसरी नो-गो. ही दोन फेऱ्यांच्या आत अडलीच पाहिजे, नाही अडली तर आटे बारीक, म्हणजे नट ढिला बसणार. झालं. एवढंच. तरीही दोन्ही रिंगा सरसर गेल्या म्हणून "डबल पास!" असं ओरडणारे साहेब तिनं पाहिले होते, आणि त्यांना बढत्या मिळालेल्याही पाहिल्या होत्या.

त्या आठवड्यात कारखान्यातलं सगळ्यात मोठं कॉम्प्रेसर दुरुस्तीला उघडलं होतं. मशीन बंद पडलं की माणसं पेटतात. साहेब लोक दर तासाला फोन करून "कुठवर आलं?" विचारत होते, जणू फोननं नट आवळले जातात. कॉम्प्रेसरच्या मोठ्या फ्लँजला, म्हणजे झाकण आवळायच्या जाड लोखंडी कडेला, चोवीस स्टड. प्रत्येक स्टड चौसष्ट मिलिमीटर जाड, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, अंगभर आटे, वजन अकरा किलोच्या पुढे. दोन्ही टोकांना नट. वरून जॅक लावून असा एकेक स्टड सत्तर टनांनी ताणायचा, ताणलेला असतानाच नट खाली बसवायचा आणि जॅक सोडायचा. मग ते सगळं ओझं आट्यांवर येतं. तिथं आटे ढिले असले तर काय होतं ते बघायला कुणी जवळ उभं राहू नये.

चोवीसच्या चोवीस स्टड गेजबाईच्या बाबांनी केले होते. आणि ते बसवायचं काम तिच्या धाकट्या भावाच्या गँगकडे होतं. भावाला सगळे फटाफट म्हणायचे, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसायचा. हाताखाली नऊ माणसं, स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं मोठं काम. घाई एवढी की माल स्टोअरमध्ये न उतरवता त्यानं बाबांच्या शेडमधून थेट पिकअपमध्ये टाकून मशीनपाशी नेला.

"आधी तपासणी," गेजबाई तिथं जाऊन उभी राहिली.

"ताई, बाबांचे आहेत."

"म्हणून काय देवाचे आहेत? खोलीत आण."

"अगं, बघ तरी." त्यानं एका स्टडवर नट चढवला आणि बोटानं टिचकी मारली. नट गरगर फिरत खाली गेला. "लोण्यासारखा!"

"लोण्यासारखा म्हणूनच नको. लोणी दाबलं की काय होतं?"

गँगमधला लंबू हसला. फटाफटनं त्याच्याकडे बघितलं तसा तो खोकायला लागला.

माल खोलीत आला. बाबांचा शिक्का असलेलं टोक वर येईल असे स्टड उभे करून गेजबाईनं वरच्या टोकापासून तपासणी सुरू केली. सतरा स्टडांवर नो-गो पहिल्या-दुसऱ्या फेरीत अडली. सात स्टडांवर ती अडली नाही. दोन फेऱ्या, तीन, चार, पाच. पाचव्या फेरीला तिनं हात थांबवला. नापास तो नापास, पुढं फिरवून पुण्य मिळत नाही. तिनं सातही स्टडांच्या डोक्यावर लाल रंगाचा फटकारा मारला आणि डब्याचं झाकण दोनदा दाबून बसवलं. बाबांच्या हातचा स्टड तिनं सव्वीस वर्षांत एकदाही लाल केला नव्हता.

दुरुस्तीचे साहेब धावत आले. हा माणूस नवा होता, बूट चकचकीत, हात त्याहून चकचकीत.

"नट फिरतोय ना?"

"फिरतोय. जास्तच फिरतोय."

"स्टड कुणी केलेत?"

"माझ्या वडिलांनी."

"बसवतोय कोण?"

"माझा भाऊ."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे बाप करतो, पोरगा बसवतो आणि पोरगी नापास करते! हा कारखाना आहे की तुमच्या घरचं अंगण? बोलवा त्यांना."

बाबा दुपारी आले. बहात्तर वर्षांचा माणूस, इस्त्रीचा सदरा, काखेत मायक्रोमीटरची लाकडी पेटी. दार उघडं असूनही टकटक करून आत आले. लाल स्टडांकडे बघितलं, लेकीकडे बघितलं नाही. सदऱ्याच्या बाह्या दुमडून त्यांनी एक स्टड टेबलावर आडवा घेतला, आट्यांत बारीक तारा बसवून मायक्रोमीटरनं मोजला. मग अंगठ्याचं नख आट्यांवरून हळूच ओढलं आणि मध्येच थांबवलं. मान वर करून मुलाकडे बघितलं. फटाफट स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"ढिले आहेत," बाबा म्हणाले. "माझी चूक. सात नवीन करून देतो, पैसे नकोत."

गेजबाईला वाटलं होतं ते भांडतील, टेबलावर मूठ आपटतील, तिला सगळ्यांसमोर झापतील. तिनं त्याची तयारी ठेवली होती. या शांतपणाची नव्हती.

"वय झालं, बाबा," साहेब म्हणाले. वाईट बोलायचं म्हणून नाही बोलले. अशा लोकांना वाईट बोलायलाही मेहनत पडत नाही. "आता घरी आराम करा. नवीन स्टड आम्ही दुसरीकडून मागवू." आणि वळून स्टोअरच्या कारकुनाला म्हणाले, "यांचं नाव पुरवठादारांच्या यादीतून काढून टाका."

बाबांनी तारा एकेक करून पुसल्या, पेटीत ठेवल्या, पेटीची कडी लावली आणि निघून गेले. चाळीस वर्षं त्या यादीत असलेलं नाव कारकुनानं पट्टी धरून एका रेघेत काढलं.

संध्याकाळी गेजबाई माहेरी गेली. माहेर दोन गल्ल्या पलीकडं. आई दारातच म्हणाली, "आल्यापासून शेडकडे फिरकले नाहीत गं. लेथ झाकून ठेवायला सांगितलंय मला."

बाबा स्वयंपाकघरात टेबलापाशी बसले होते. समोर चहाचा कप, काठोकाठ.

"बाबा, सात कसे चुकले?"

"हात थरथरतो आता."

"एक चुकला असता तर मानलं असतं. तुम्ही प्रत्येक स्टड लेथवरून उतरवायच्या आधी तीनदा मोजता. सात वेळा तीनदा, म्हणजे एकवीस वेळा डोळे फुटले का तुमचे?"

"तोंड सांभाळ."

"कप उचला."

"काय?"

"कप उचला म्हणते."

त्यांनी रागानं कप उचलला, ओठांपर्यंत नेला, एक घोट घेतला आणि बशीत परत ठेवला. बशी कोरडी होती. टेबल कोरडं होतं.

"हा थरथरणारा हात का?"

बाबांनी कप बशीसकट बाजूला सारला. म्हणाले, "त्याच्या हाताखाली नऊ माणसं आहेत. पहिलंच काम आहे. माझं काय, माझं झालं."

"तुमचं झालं म्हणून नाव पुसू द्यायचं? लेथपाशी उभं राहून कमावलेलं नाव?"

"घरी जा. तुझी माणसं जेवायची असतील."

घरी गेली, पण जेवली नाही. तिला राग भावाचा होता, बाबांचा होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पाचव्या फेरीला हात थांबवला होता तिनं. कायद्यानं बरोबर होतं. पण बाबांच्या हातचं काम नापास करताना कायद्यावर थांबायचं असतं का? दुसऱ्या कुणाचं असतं तर चाललं असतं असंही नाही. प्रत्येक स्टड कुणाच्यातरी बापानं केलेला असतो.

सकाळी सगळ्यांच्या आधी ती खोलीत पोचली. पहिला लाल स्टड घेतला, नो-गो चढवली आणि फिरवत राहिली. पाच, सहा, दहा, वीस. रिंग खाली खाली जात होती. तीस. पस्तीस. आणि स्टडच्या मध्यावर, ठक्, अडली. तिनं जोर लावला. हलेना. दुसरा घेतला: ठक्, तिथंच. तिसरा, चौथा, सातवा. सगळ्यांवर बोट-दोन बोटांच्या फरकानं मध्यावर. मग तिनं स्टड उलटे केले आणि खालच्या टोकाकडून रिंग लावली. पहिल्या फेरीला अडली. सातही वेळा.

तिला एकदम हसू आलं. रडूही आलं असतं, पण कामावर होती.

दाभणानं तिनं एका आट्याच्या खाचेतून काहीतरी उकरून काढलं. पोलादाची वळलेली, केसाएवढी तार. लेथवरून उतरलेला स्टड बाबा ब्रशनं धुऊन, तेल लावून देत. अशी तार त्यांच्या मालात सापडणं म्हणजे आईच्या भांड्यात राख सापडणं.

तिनं साहेबांना बोलावलं. चहाच्या आधीच. ते वैतागून आले. मागोमाग फटाफट आला. बहिणीनं साहेबांना बोलावलंय म्हटल्यावर तो कसा येणार नाही?

"साहेब, ही रिंग तुम्ही फिरवा."

"मी?"

"हातच लागतो. डिग्री लागत नाही."

साहेबांनी फिरवायला सुरुवात केली. दहाव्या फेरीला बाही काळी झाली, विसाव्याला घाम आला. "किती फिरवायची?"

"अडेपर्यंत."

ठक्. साहेबांचा हात थांबला. पुन्हा जोर लावला. थांबलाच.

"वरून मध्यापर्यंत आटे बारीक," गेजबाई म्हणाली. "मध्यापासून खाली चोख. हे आटे लेथवर एका दमात कापले जातात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्ध्या वाटेत लेथ मन बदलत नाही. माझ्या बाबांच्या शेडमधून स्टड बाहेर पडला तेव्हा तो अख्खा खालच्या अर्ध्यासारखा होता. नंतर कुणीतरी वरचा अर्धा खरवडला. ही बघा त्याची तार."

साहेबांनी तार चिमटीत धरली. हा माणूस पोटातून वाईट नव्हता. आट्याला कधी हात लावला नव्हता, एवढंच. आज लागला. "कुणी खरवडला?"

गेजबाईनं तपासणीची वही ओढली. 'कारण' या रकान्यात ती लिहू लागली, मोठ्या अक्षरात, प्रत्येक शब्द मोठ्यानं उच्चारत: "बसवणाऱ्या गँगनं… आटे… खरवडले…"

"ताई, जरा बाहेर ये," फटाफट म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

बाहेर पत्र्याच्या सावलीत त्यानं तोंड उघडलं. "मला बुडवतेस तू. सख्खी बहीण ना तू?"

"काल बाबांना बुडवत होते तेव्हा तू बूट मोजत होतास. सख्खा मुलगा ना तू?"

"अगं, पिकअपमध्ये आपटले गं एकमेकांवर. सात स्टडांचे वरचे आटे चेपले. थोडेसेच. नट अडकायला लागला."

"गुंडाळून का नाही आणलेस?"

"वेळ नव्हता."

"मग चेपलेला आटा बारीक कानशीनं साफ करायचा. एका स्टडला वीस मिनिटं."

"सात स्टड, वीस मिनिटं, कर हिशोब! साहेब दर तासाला फोन करत होता. मग मी एक नट घेतला, ग्राइंडरनं त्याला आतून तीन खाचा पाडल्या, नि पान्यानं वरखाली फिरवला. नटच कापत गेला. चेपलेलं निघालं, नट पळायला लागला. मला वाटलं, झालं काम." तो थांबला. "ही युक्ती बाबांचीच. त्यांनीच शिकवली होती."

"फाटकाच्या बोल्टाला! गंजलेल्या फाटकाच्या बोल्टाला शिकवली होती, गाढवा. सत्तर टनाच्या स्टडला नाही. तुझी नऊ माणसं उभी राहणार होती ना त्या जॅकपाशी? लंबूला लेक झालीय गेल्या महिन्यात."

तिनं आणखी काही बोलायला तोंड उघडलं होतं, पण तो वळून ताडताड निघून गेला. ती खोलीत परतली. साहेब वहीपाशी उभे होते.

पाच मिनिटांनी फटाफट आत आला. त्याच्या हातात मुठीपेक्षा मोठा नट होता, आतून तीन खाचा पाडलेला, खाचांत पोलादाचा चुरा. तो त्यानं टेबलावर ठेवला.

"काय लिहिलंयस ते दाखव."

तिनं वही फिरवली. त्यानं बोट ठेवून वाचलं.

"हे चूक आहे," तो म्हणाला. साहेबांच्या भुवया वर गेल्या. "'गँगनं' लिहिलंयस. गँगनं नाही केलं. माझी माणसं तेव्हा डब्बा खायला गेली होती. मी केलं, एकट्यानं. खोड आणि नीट लिही."

"या वहीत खोडत नाहीत."

"मग रेघ मार. खाली लिही. मी सही करतो."

तिनं रेघ मारली, खाली लिहिलं, आणि त्यानं पूर्ण नावानं सही केली, फटाफट नव्हे, सावकाश, शाळेतल्यासारखी. गेजबाईनं मान खाली घालून टोपण शोधल्याचं नाटक केलं. लहानपणी काच फोडून पळणारा हा पोरगा. त्या सहीपुढं तिच्या सव्वीस वर्षांच्या सगळ्या सह्या तिला एकदम हलक्या वाटल्या.

साहेबांनी त्याची गँग त्या फ्लँजवरून उतरवली. त्यात कुणी मध्ये पडलं नाही, आणि पडायलाही नको होतं. उरलेल्या दिवसांसाठी त्यांना पाइप वाहायचं काम दिलं. नऊ माणसांनी शिव्या घातल्या, पण एकही जण गँग सोडून गेला नाही. मग साहेब स्वतः बाबांच्या घरी गेले. माफी मागताना त्यांना शब्द सापडेनात, तेव्हा आईनं त्यांना पाणी दिलं आणि बाबांनी एवढंच विचारलं, "सात ना?" आणि उठून शेडकडे गेले. कारकुनानं यादीत नाव परत लिहिलं, या वेळी पट्टी न लावता.

दोन दिवस लेथ चालू होतं. साहेबांना वरून बोलणी बसत होती, मशीन उशिरा सुरू होणार म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी पिकअप आली. पुठ्ठा आणि गोणपाटात गुंडाळलेला एकेक स्टड फटाफट छातीशी धरून उतरवत होता, अकरा किलोचं मूल असल्यासारखा. मागून बाबा आले, इस्त्रीचा सदरा, काखेत पेटी.

साहेब आता पाघळले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाबा, तुमच्या कामावर माझा पूर्ण विश्वास आहे. तपासणीत वेळ नको घालवायला. डायरेक्ट बसवा!"

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. त्या दिवशी भर खोलीत म्हातारा म्हणून घरी बसवलं तेव्हाही असा झाला नव्हता.

"न तपासता?" ते म्हणाले. "माझं काम न तपासता मशीनला लावणार? साहेब, मी तुमचं काय वाईट केलं? असा अपमान तर तुम्ही त्या दिवशीही केला नव्हता."

"अहो, अपमान कुठं, उलट मी तर…"

"तिकडं ती बसलीय. तिच्या रिंगा आहेत. सगळे सात, दोन्ही टोकांकडून. आणि ती नापास म्हणाली तर मी परत नेईन." मग लेकीकडे वळून, चढ्या आवाजात: "आणि बाप म्हणून सवलत द्यायची नाही!"

"सवलत?" गेजबाई म्हणाली. "तुम्हाला? सात स्टड लाल झाले, तेवढ्यानं पोट नाही भरलं का तुमचं?"

फटाफट दाराबाहेर उभा होता, आत यायची त्याला परवानगी नव्हती. तो पहिल्यांदा हसला.

तिनं गो रिंग घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सातही. मग नो-गो. पहिला: पाऊण फेरीला अडली. दुसरा: पाऊण. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सगळे पाऊण, जणू एकाच स्टडचे सहा आरसे. खालच्या टोकाकडून तेच. खोलीत फक्त रिंगेचा आवाज. सातव्यावर रिंग पाऊणच्या पुढं सरकली आणि अडली.

"किती?" बाबांनी विचारलं.

"सव्वा."

"सव्वा?"

"दोनच्या आत आहे, बाबा. पास आहे."

"मला माहितीय पास आहे," म्हातारा पुढं सरसावला. "पण सव्वा का? बाकीचे सगळे पाऊण असताना हा सव्वा का?"

"बाबा, चालतं हो," साहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "वरून फोन येतायत."

"येऊ द्या."

त्यांनी बाह्या दुमडल्या, सातवा स्टड टेबलावर आडवा घेतला आणि पेटीची कडी उघडली. गेजबाईनं न सांगता तारा पुसून त्यांच्या हातात दिल्या आणि दिवा जवळ ओढला.